ॲम, इज, आर आणि सभापती

बायकांच्या इंग्रजी वर्गाची खोली सभापती बंगाळेंना स्वतःच्या कचेरीसाठी हवी होती. ते आमदारांनाच घेऊन वर्गावर आले. आमदारांना म्हणाले, "विराजमान व्हावं, साहेब." शिकवणाऱ्या बाईंना, "बसा." शिपाई गेणूला, "ए, ऊठ तिथून!"

मग गरजले, "एकाच क्रियापदाची ॲम, इज, आर ही सोंगं कशाला? सांगा, नाहीतर खोली माझी!"

मागच्या बाकावरच्या अनसूयामावशी पदर सावरत उठल्या. "पुढं कोण आहे ते बघून ते बदलतं, सभापतीसाहेब. तुम्ही नाही का आत्ता आल्या आल्या तीनदा बदललात?"

आमदार पोट धरून हसले. "बंगाळे, खोली बायकांचीच!"

खजील झालेले सभापती गेणूकडे वळले. "बसा, गेणूभाऊ."

मावशी म्हणाल्या, "हे रूप पाठ करा, साहेब."