घाटात थांबलेली गाडी

विश्वास कुणावर ठेवावा मंडळी, माणसावर की यंत्रावर? कराडच्या जयवंतशेठ धुमाळांनी यंत्रावर ठेवला. त्यांच्या ऑफिसात भिंतभर पडदा, आणि त्यावर सगळे ट्रक ठिपक्यांसारखे सरकताना दिसत.

दौलू खरात त्यांचा जुना ड्रायव्हर. भर दुपारी कुंभार्ली घाटात त्याच्या छातीत कळ आली. त्यानं ट्रक कडेला घेतला, चाकाला दगड लावला आणि केबिनमध्ये परत चढून तिथंच जीव सोडला. बारावं-तेरावं उरकून त्याची बायको पारूबाई भरपाई मागायला आली.

"वाईट झालं बाई," शेठ म्हणाले, "पण गाडी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत जागची हलली नाही. तो झोपा काढत होता. कामावर नसताना गेला, त्याची भरपाई कसली?"

"यंत्र चुकत नाही व्हय, शेठ?"

"छे. गाडी थांबली की माझ्या फोनवर घंटी वाजते."

"त्या दिशी वाजली?"

"वाजली तर. मी स्वतः ऐकली."

पारूबाईनं पदर सावरला. "मग झोपलेल्याला उठवायला कुणाला का धाडलं न्हाई? शेठ, घंटी वाजली नसंल, तर तुमचं यंत्र खोटं. वाजली असंल, तर माझा मालक तडफडत होता अन् तुम्ही ऐकून बसून राहिलात. यातलं कोणतं लिहून देता?"

शेठनी भरपाईचा कागद पुढं ओढला. मग त्यांनी त्यावर सही केली. पारूबाई कागद घेऊन रिकाम्या घरी गेली.

म्हणून हात जोडून सांगतो, हिशेब खरा ठेवा. गाडी किती थांबली हे मांडाल, तेव्हा आपण किती वेळ गप्प बसलो तेही मांडत जा.