लडकू नाखव्याचं भरलं तोंड

वेळण्याच्या खाडीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. मोठे शिंगाळे मासे बाहेर खोल समुद्रात राहायचे आणि धाकटे, काळसर, मिशाळ शिंगाळे खाडीच्या चिखलात, तिवरांच्या मुळांपाशी. वल्हं पाण्यात सोडून त्याची मूठ कानाला लावली की खालून त्यांची गुरगुर ऐकू यायची. ती ऐकूनच गाव जाळं टाकायचं, असं म्हणतात.

पण वेळणेकरांची एक समजूत होती आणि ती कुणी तपासून पाहिली नव्हती. पावसाच्या तोंडाला नर शिंगाळ्याचे गाल फुगतात. जबडा उघडला तर आत बोराएवढी अंडी. लोक म्हणायचे, हा मेला स्वतःची पोरं खातो. म्हणून त्याला 'पोरखाऊ' म्हणायचे, त्याचा जबडा फाडायचे आणि अंडी तळून खायचे. आता पोरं खात कोण होतं, ते तुम्हीच बघा.

होता होता खाडी मुकी झाली. जाळी रिकामी येऊ लागली, चुली थंडावल्या. पाटलाने ठरवलं, गाव उठवून दूरच्या किनाऱ्यावर न्यायचं. पुनवेला देवळापुढे प्रत्येक घराच्या कर्त्याला विचारायचं. एकाने जरी नाही म्हटलं तरी गाव राहील, पण गप्प बसेल त्याचं हो धरायचं. मान हलवलेली चालायची नाही, शब्द तोंडातून यायला हवा.

लडकू नाखव्याचा पाय गावातून निघत नव्हता. तो रोज वल्ह्याला कान लावून बसायचा. पुनवेच्या आठ दिवस आधी त्याला एकच गुरगुर ऐकू आली. त्याने जाळं टाकलं आणि फुगल्या गालाचा एक नर आला, पण वर येईतो मेला. लडकूने सवयीने त्याचं पोट चिरलं. आतडं कोरडं, दोरीसारखं. तो थबकला. पोरं खाणाऱ्याचं पोट रिकामं कसं? हा तर बाप होता, पोरं तोंडात सांभाळत उपाशी राहिलेला. आजवर फाडलेले सगळे जबडे लडकूला आठवले आणि तो होडीत बसून रडला.

अंड्यांत अजून जीव होता. लडकूने खाडीचं पाणी तोंडात घेतलं आणि एकेक अंडं आत ठेवलं. आठ दिवस तो जेवला नाही, बोलला नाही, भरतीला पाण्यात उभा राहून फक्त तोंडातलं पाणी बदलायचा, असं म्हणतात. त्याची बायको चांगुणा आधी चिडली, मग घाबरली. तो नुसते हात जोडायचा.

पुनवेला सगळी घरं हो म्हणाली. शेवटी पाटलाने लडकूला विचारलं. लडकू मान हलवत राहिला, डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंड उघडेना. पाटील निकाल द्यायला उठला.

बायकांनी तिथे बोलायची रीत नव्हती. तरी चांगुणा पुढे आली. नवऱ्याचे फुगलेले गाल आणि खपाटीला गेलेलं पोट तिने आठ दिवस पाहिलं होतं. तिने त्याच्या गालाला कान लावला. आतून बारीक गुरगुर आली.

"पाटील," ती म्हणाली, "माजे घोवाचे तोंडान शिंगाळ्याची पोरां हान. आमचे घराचं नाय धरा."

लोक हसले. पाटलाने पागोटं मागे सारून लडकूच्या गालाला कान लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाला, नाही तोंडातूनच आलंय, गाव कुठेही जाणार नाही.

सगळं गाव लडकूच्या मागे खाडीत उतरलं. त्याने पाण्यात वाकून तोंड उघडलं आणि चाळीस पिल्लं बाहेर पडली. त्यांच्या हाकेला समुद्रातून शिंगाळे आले, आणि खाडी इतकी गुरगुरली की काठावरच्या होड्या थरथरल्या, असं म्हणतात. आठ दिवसांनंतर लडकूचा पहिला शब्द कोणता, हे ऐकायला सारे टपले होते. तो म्हणाला, "पेज हाय का?"

आजही वेळण्यात फुगल्या गालाचा शिंगाळा जाळ्यात आला तर जाळं पाण्याखालीच उसवून त्याला सोडतात. 'पोरखाऊ' ही आता तिथे शिवी नाही, लाडाचं नाव आहे. आणि घरात मूल जन्मलं की त्याचा बाप खाडीत जातो, तोंडात पाणी धरतो आणि भरती ओसरेपर्यंत गप्प उभा राहतो. बायका काठावर बसून त्याला वर्षभराचं काय ते सुनावून घेतात, कारण त्या दिवशी उलट उत्तर येत नाही. भरती ओसरली की तो घरी येतो, आणि बाळंतिणीच्या आधी त्याला पेज वाढतात.