मिरी मुंगीचा अजगर

एक होती मुंगी. काळी कुळकुळीत. मिऱ्याच्या दाण्याएवढीसुद्धा नव्हती, तरी सगळे तिला मिरी म्हणायचे.

इतर मुंग्या साखर साठवायच्या. मिरीने अजगर पाळला.

झालं असं. माळावर, बांधाच्या कडेला, पाचोळ्यात तिला एक पांढरं अंडं दिसलं. मिरी अंड्यावर चढली. अंडं टच्चकन उकललं. आतून एक नाक आलं. मग मान आली. मग अजगर येतच राहिला, येतच राहिला, येतच राहिला. मिरी वाट बघून दमली, तेव्हा कुठे शेपूट आलं.

पिल्लू बाहेर आलं आणि वेटोळं घालून बसलं. म्हणून मिरीने त्याचं नाव ठेवलं वेटू.

मिरी वेटूला फार जपायची. सकाळी सांगायची, उन्हात ये. वेटू यायचा. दुपारी सांगायची, सावलीत जा. वेटू जायचा. लपायला त्याला एक पोकळ ओंडका होता. आणि पाण्याला होतं एक परळ. परळ म्हणजे मातीचं पसरट भांडं. वेटू त्यातलंच पाणी प्यायचा आणि त्यातच डुंबायचा. डुबुक डुबुक.

एके दिवशी एक शेळी आली. शेळीने मारली उडी. फट्ट. परळ फुटलं. पाणी मातीत जिरलं. शेळी पाला खात खात निघून गेली.

आणि नेमकी त्याच दिवशी वेटूला कात टाकायची होती.

जुनं कातडं निघतं, खालून नवं येतं, ती कात. पण वेटूची कात सुकली. अंगाला घट्ट चिकटून बसली. डोळ्यांवर साय आली, त्याला काही दिसेना. शेपटीच्या टोकाला तर कात अशी आवळली, की वेटू कण्हायला लागला.

"मिरी, दुखतंय गं."

मिरीला वाटलं, धरावी आणि ओढावी. पण कात ओढायची नसते. ओढली तर खालचं कोवळं कातडं फाटतं. कात भिजवायची असते, कोमट पाण्यात. आणि पाण्याला भांडं हवं.

वेटूला तिने ओंडक्यात जायला सांगितलं. आणि मिरी निघाली.

तुरु तुरु, तुरु तुरु.

भिवाकाका कुंभार अंगणात चाक फिरवत होता. गरगर, गरगर. मिरी म्हणाली,

"वेटूची कात निघेना.
भिवाकाका, परळ दे ना."

"कोण वेटू?"

"माझा अजगर."

चाक थांबलं. "केवढा आहे?"

"एवढुसा."

"चावतो?"

"तो नाही चावत. मी चावते."

भिवाकाकाने मिरीकडे बघितलं. अजगराच्या मालकिणीकडे नीट निरखून बघितलं. मग म्हणाला, परळ आहे, घेऊन जा.

मिरीने परळ धरलं. हुंऽऽ. परळ हललं नाही. पुन्हा धरलं. हुंऽऽऽ. परळ होतं तिथेच राहिलं, मिरीच उलटी पडली.

भिवाकाकाचे हात चिखलाने भरलेले. चाक सोडून तो कसा येणार? तो म्हणाला, "गाढव नेईल, तर परळ देईन."

मिरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

गाढव उकिरड्यापाशी धुळीत लोळत होतं. धप्प इकडे, धप्प तिकडे. मिरी म्हणाली,

"भिवाकाका परळ देईना,
वेटूची कात निघेना.
गाढवदादा, परळ ने ना."

"कोण वेटू?"

"माझा अजगर."

"केवढा आहे?"

"एवढुसा."

"चावतो?"

"तो नाही चावत. मी चावते."

गाढवाने पाय आखडून घेतले. त्याच्या पाठीवर गोचीड बसली होती. पाठ खाजत होती. खाजऱ्या पाठीवर ओझं कोण घेणार? गाढव म्हणालं, "साळुंकी पाठ टोचेल, तर परळ नेईन."

मिरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

साळुंकी पत्र्यावर बसून कुणाशी तरी भांडत होती. समोर कुणीच नव्हतं. मिरी म्हणाली,

"गाढव परळ नेईना,
भिवाकाका परळ देईना,
वेटूची कात निघेना.
साळुंकीताई, पाठ टोच ना."

"कोण वेटू?"

"माझा अजगर."

"केवढा आहे?"

"एवढुसा."

"चावतो?"

"तो नाही चावत. मी चावते."

साळुंकीने मान वाकडी केली. गोचीड तर ती रोजच खायची. आज तिला गोचिडीचा कंटाळा आला होता. आज तिला काहीतरी गरम गरम हवं होतं. ती म्हणाली, "राहीमावशी भाकरी थापेल, मला चुरा देईल, तर पाठ टोचेन."

मिरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

राहीमावशी चुलीपुढे बसली होती. परातीत पीठ होतं. तवा थंड होता. मिरी म्हणाली,

"साळुंकी पाठ टोचेना,
गाढव परळ नेईना,
भिवाकाका परळ देईना,
वेटूची कात निघेना.
राहीमावशी, भाकरी थाप ना."

"कोण वेटू?"

"माझा अजगर."

राहीमावशी आधी पाटावर चढली. मग तिने विचारलं, "केवढा आहे?"

"एवढुसा."

"चावतो?"

"तो नाही चावत. मी चावते."

राहीमावशी पाटावरून उतरली नाही. पाटावरच बसून राहिली, पाय पोटाशी घेऊन. घरात एक काटकी नव्हती. चूल पेटणार कशाने? मावशी म्हणाली, "बाभळ काटक्या पाडेल, तर भाकरी थापेन."

मिरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. पाय दुखायला लागले. सगळे सहाच्या सहा.

बाभळ माळावर एकटीच उभी होती. मिरी म्हणाली,

"मावशी भाकरी थापेना,
साळुंकी पाठ टोचेना,
गाढव परळ नेईना,
भिवाकाका परळ देईना,
वेटूची कात निघेना.
बाभळबाई, काटक्या पाड ना."

"कोण वेटू?"

"माझा अजगर."

"केवढा आहे?"

"एवढुसा."

"चावतो?"

"तो नाही चावत. मी चावते."

"चाव हो," बाभळ म्हणाली. "मला काटे आहेत."

बाभळीकडे काटक्या ढीगभर होत्या. सुकलेल्या, खडखडीत. पण झाड आपलं आपण हलेल कसं? ती म्हणाली, "वारा सुटेल, तर काटक्या पाडेन."

मिरी निघाली. तुरु... तुरु... तुरु... तुरु...

वारा टेकडीमागे झोपला होता. गवताचं एक पातं हलत नव्हतं. मिरी म्हणाली,

"बाभळ काटक्या पाडेना,
मावशी भाकरी थापेना,
साळुंकी पाठ टोचेना,
गाढव परळ नेईना,
भिवाकाका परळ देईना,
वेटूची कात निघेना.
वारेदादा, सूट ना."

वाऱ्याने वेटू कोण ते विचारलं नाही. केवढा ते विचारलं नाही. चावतो का, तेही विचारलं नाही. त्याने एक जांभई दिली आणि म्हणाला, "हसू आलं, की मी सुटतो. हसू नाही, तर सुटणं नाही." आणि कूस बदलून पुन्हा झोपला.

मिरीला रडू आलं. वेटू तिकडे ओंडक्यात एकटा होता. त्याला दिसत नव्हतं. त्याची शेपटी दुखत होती. आणि हा वारा घोरत होता.

मग मिरीला आला राग. ती धावली आणि वाऱ्याला चावली.

कट्.

तोंडात काहीच आलं नाही.

मिरी पलीकडून गेली आणि चावली. कट्. काहीच नाही. वर उडी मारून चावली. कट्. काहीच नाही. गोल गोल फिरत चावली. कट् कट् कट् कट्. स्वतःच्याच पायाला चावली. "आई गं."

वाऱ्याने एक डोळा उघडला. "कुणाला चावतेस?"

"तुला."

वारा फिस्सकन हसला. मग खुदुखुदु हसला. मग पोट धरून हसला. हसता हसता उठला आणि उठता उठता सुटला.

सूंऽ सूंऽ सूंऽ.

मिरीने एक वाळकं पान घट्ट धरलं. पान उडालं. पानावर मिरी उडाली. भुर्रर्र.

वारा सुटला,
बाभळीने काटक्या पाडल्या, टपटप टपटप.
मावशीने भाकरी थापली, थपथप थपथप.
साळुंकीने चुरा खाल्ला, मटमट मटमट.
साळुंकीने पाठ टोचली, टुकटुक टुकटुक.
गाढव उठलं, अंग झाडलं, फडफड फडफड.
भिवाकाकाने हात धुतले, परळ दिलं, गाढवाच्या पाठीवर बांधून दिलं.

चूल पेटलेलीच होती. मावशीने तिच्यावर पाणी ठेवलं. बोट बुडवून बघितलं. गार नाही, गरम नाही, कोमट. ते घागरीत ओतून मावशी निघाली.

पुढे मिरी, मागे गाढव, गाढवावर साळुंकी. भिवाकाकाही निघाला. एवढुसा अजगर त्याला बघायचा होता.

ओंडक्यापाशी परळ ठेवलं. मावशीने पाणी ओतलं. मिरी म्हणाली, "वेटू, बाहेर ये."

एक नाक बाहेर आलं. मग मान आली. मग अजगर येतच राहिला, येतच राहिला, येतच राहिला. मिरीचा एवढुसा अजगर राहीमावशीच्या हाताएवढा लांब होता.

साळुंकी गाढवाच्या मागे लपली. गाढव भिवाकाकाच्या मागे लपलं. भिवाकाका राहीमावशीच्या मागे लपला. राहीमावशी मिरीच्या मागे लपली.

वेटू परळात शिरला. डुबुक डुबुक. बराच वेळ पडून राहिला. कुणी हात लावला नाही. मिरी काठावर बसून बघत होती. कात मऊ झाली. सैल झाली. वेटूने परळाच्या कडेला नाक घासलं. एकदा घासलं, पुन्हा घासलं. नाकाजवळ कात सुटली आणि वेटू पुढे सरकला. पायातला मोजा उलटा काढावा, तशी कात निघाली. सरसर सरसर. शेपटीच्या टोकाला थोडी अडकली.

मिरी काठावरून पुढे वाकली.

पुच्च. तीही निघाली.

वेटूचं नवं अंग चकचकलं. पिवळं, तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचं. डोळे काळेभोर झाले. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि काठावर मिरी दिसली.

"मिरी," तो म्हणाला, "आता नाही दुखत."

मिरी नुसत्या मिशा हलवत राहिली.

थोड्या वेळाने वेटू म्हणाला, "मला भूक लागली."

साळुंकीला एकदम घर आठवलं. गाढवाला माती आठवली. भिवाकाकाला चाक आठवलं. राहीमावशीला तव्यावरची भाकरी आठवली. सगळे गेले, भराभरा. मिरी तेवढी थांबली.

वेटू भाताच्या शेतात गेला आणि एक उंदीर गट्ट करून आला. पोटाला मधोमध टेंगूळ आलं. तो ऊन पडलेल्या दगडावर वेटोळं घालून बसला.

पोट भरलं, की अजगराला उचलायचं नसतं. मिरीने त्याला उचललं नाही.

ती त्याच्या नव्या, मऊ, उबदार पाठीवर चढली. चढता चढता खूप वेळ लागला. अगदी वरच्या वेटोळ्यावर पोचली, सहाही पाय पसरले, आणि आडवी झाली.

वेटू निजला, मिरी निजली, वारा टेकडीमागे जाऊन निजला. आता गोष्टही निजली, तिला उठवायचं नाही.