ज्याचं हरवलं, त्यानं शोधायचं नाही

"...मग आता मी करू तरी काय, बाबा?"

शिरीष भंगाळे दारातच उभा होता. कोपरापर्यंत पिठाने माखलेला, कपाळाला शेण लागलेलं.

आत खेमनाथबाबा खाटेच्या कडेवर बसले होते. खाटेवर झिपरूबाबा निजलेले. दोघे एकाच गुरूचे चेले, सातपुड्याच्या पायथ्याशी या मठातच म्हातारे झालेले. झिपरूबाबांना डॉक्टरांनी 'आता घरी न्या' म्हणून परत पाठवलं होतं, आणि त्यांना घर म्हणजे हा मठच.

झिपरूबाबांचा हात खेमनाथबाबांच्या हातात होता.

"सापडलं नाही का रे?" खेमनाथबाबांनी हळू आवाजात विचारलं.

"नाही ना! फोनवरून वाजवून पाहिलं, आवाज नाही. नकाशात बघितलं, तर सगळा डोंगरच दाखवतोय. आणि आता फोन मलाच विचारतोय, घड्याळातलं सगळं पुसून टाकू का म्हणून."

"काय पुसेल?"

"माझे ठोके, बाबा. ऑपरेशननंतरचे सगळे."

"ते तर पडून गेले ना?"

शिरीषला हे अजिबात आवडलं नाही.

त्याचंही बरोबर होतं. दिवाळीत त्याच्या छातीत कळ आली, अँजिओप्लास्टी झाली, आणि तेव्हापासून ते स्मार्टवॉच त्याच्या मनगटावर होतं. ठोके चुकले तर ते थरथरायचं, जळगावला बायकोच्या फोनवर निरोप जायचा. त्या भरवशावरच तो झोपायचा. मठात शांत बसायला शिकायचं म्हणून आला, तर पहिल्याच दिवशी बाबांसमोर मनगट धरून म्हणाला होता, "बघा, ध्यानात माझे ठोके किती खाली येतात!" बाबांनी चष्मा लावून बघितलं होतं आणि छान आहे म्हणाले होते.

आता तेच मनगट उघडं होतं, आणि शिरीषची दोन बोटं सारखी गळ्याच्या शिरेवर जात होती.

"मी स्वतः शोधतो," तो म्हणाला. "ही तुमची रीत मला नाही झेपत."

मठाची रीत जुनी होती. ज्याचं हरवलं त्याने शोधायचं नाही. बाकीच्यांनी शोधायचं, आणि जो शोधायला जाईल त्याचं काम हरवणाऱ्याने करायचं. म्हणून सकाळी गोठ्यातला लोटन घड्याळ शोधायला गेला आणि शिरीषने शेण काढलं. मग स्वयंपाकाच्या कमलाक्का गेल्या आणि याने भाकरी थापायला घेतल्या. त्या भाकरी कुणीच खाल्ल्या नाहीत.

"सगळे शोधून झाले का?" बाबांनी विचारलं.

"सगळे अजून शोधतायत. विहिरीकडे गेलेत. तुम्ही तेवढे राहिलात."

हे तो रागात बोलून गेला. बोलल्यावर जीभ चावली.

बाबा मात्र उठायला लागले.

"अहो, तसं नाही बाबा..."

"बरोबर आहे तुझं. मी राहिलो. ये इकडे."

त्यांनी झिपरूबाबांचा हात अलगद उचलला आणि शिरीषच्या पिठाच्या हातात दिला.

"हे माझं काम. सोडला तर तो दचकून जागा होतो. कालपासून झोपला नाही."

"पण यांना काही झालं तर? मी काय डॉक्टर आहे?"

"मी तरी कुठे आहे?"

काठी टेकत बाबा गेले.

शिरीष खाटेच्या कडेवर बसला. उगाच पाय हलवू लागला. खाट करकरली तसा थांबला. विहिरीकडून हाका येत होत्या. मूर्ख आहेत, त्याला वाटलं, विहिरीकडे मी गेलोच नव्हतो. उठून सांगावं म्हणून जरा हलला तर त्या हाडांच्या बोटांनी त्याला घट्ट धरलं.

तेव्हा त्याच्या बोटाखाली म्हाताऱ्याची नाडी लागली.

बारीक. चालली होती... थांबली.

शिरीषने बोट आणखी दाबून पाहिलं.

पुन्हा लागली. दोनदा जोरात, मग पुन्हा काहीच नाही.

"बाबा!" तो ओरडला. "लोटन! अहो, कमलाक्का! कुणी आहे का?"

कुणी नव्हतं. अख्खा मठ त्याचं घड्याळ शोधायला गेला होता.

त्याला रडू आलं. भीतीने, आणि स्वतःवरच्या रागानेही.

झिपरूबाबांनी डोळे किलकिले केले. त्यांना नीट दिसत नव्हतं.

"खेमा... आहेस ना?"

शिरीष खाली वाकला.

"आहे," तो म्हणाला. "इथंच आहे."

म्हाताऱ्याने डोळे मिटले.

उन्हं दारातून आत आली आणि भिंतीवर चढली. शिरीष वाकून बसला होता. नाडी थांबली की तो थांबायचा, लागली की श्वास सोडायचा. पाठ भरून आली, पायाला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली. तो हलला नाही.

बाबा परत आले तेव्हा त्यांच्या धोतराला कडबा चिकटला होता.

"गव्हाणीत होतं," ते म्हणाले. "पहाटे तू हौसेनं गाईला वैरण टाकलीस ना, तेव्हा पडलं असणार. गाईने चाटून लखलखीत केलंय बघ."

शिरीषने मान वर केली, आणि डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोला ना, बाबा. आत्ता कुठे डोळा लागलाय."

"बांधून देऊ का तुला?"

शिरीषने दुसरं मनगट पुढे केलं. तेवढ्या हालचालीनेही म्हाताऱ्याची बोटं चाळवली. त्याने हात मागे घेतला आणि नको म्हणून मान हलवली.

बाबांनी ते घड्याळ हातात फिरवून पाहिलं. ठेवायला जागा दिसेना, तेव्हा आपल्याच मनगटावर बांधलं. पट्टा शेवटच्या भोकात बसला. मग जवळच्या स्टुलावर ते टेकले आणि दोघे कितीतरी वेळ तसेच बसून राहिले.

घड्याळ थरथरलं.

बाबा दचकले. काचेवर एक एवढासा माणूस उभा राहून हात हलवत होता.

"हे काय म्हणतंय रे?"

"फार वेळ बसलात, उठा, असं," शिरीष पुटपुटला. त्याची नजर झिपरूबाबांच्या छातीवरून हलली नाही.

बाबांनी काठी घेतली.

"मला उठ म्हणतंय. मी जातो. तू बस."