खुंटीवरचं शिंग

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजा कोण होता हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. आणि सांगून तरी काय करायचंय? राजाचा या गोष्टीशी काडीचा संबंध नाही. ही गोष्ट आहे एका शिंगाची आणि ते घरी नेऊन ठेवणाऱ्या एका भल्या माणसाची. हो, भल्याच माणसाची. वाईट माणसाची असती तर सांगताना माझा जीव एवढा कळवळला नसता.

एका उंच डोंगराच्या माथ्यावर एक खिंड होती. खिंडीच्या अलीकडे एक गाव, पलीकडे एक गाव आणि ऐन खिंडीत मूठभर घरांची वाडी. अलीकडून पलीकडे जायचं तर तेवढी एकच वाट. तिच्या एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला खोल दरी. उन्हात त्या वाटेनं पोरंसोरंही उड्या मारत जायची. पण थंडीच्या दिवसांत दुपार कलली की दरीतून धुकं वर चढायचं, आणि मग आपलाच हात आपल्याला दिसायचा नाही.

म्हणून वाडीनं एक माणूस ठेवला होता. धुकं आलं की त्यानं खिंडीतल्या मोठ्या खडकावर उभं राहायचं आणि शिंग फुंकायचं. तांब्याचं लांब, वळणदार शिंग होतं ते. थांबून थांबून, पण एकसारखं वाजवायचं. त्या आवाजाच्या रोखानं पाय टाकत वाटसरू सुखरूप वर यायचे. त्या माणसाला सगळे शिंगबाबा म्हणत.

शिंगबाबा म्हातारा झाला. छातीत दम उरला नाही. एक फुंक मारली की खोकल्याची अशी उबळ यायची, की बघणाऱ्याचाच जीव घाबराघुबरा व्हायचा. मग वाडीचा कारभारी नवा माणूस शोधायला खाली उतरला.

अलीकडच्या गावात भागोजी नावाचा एक तरुण होता. दांडगी छाती, मोकळा गळा, तोंडभर हसू. घरात तो आणि त्याचा बाप, दोघंच. आई लहानपणीच गेलेली. थोरल्या बहिणीनं, सोनाईनं, त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. तिला पलीकडच्या गावात दिली होती.

कारभारी म्हणाला, "भागोजी, येतोस का खिंडीत? वर्षाचं धान्य देऊ, राहायला घर देऊ. पण काम जोखमीचं आहे बाबा. लोकांचा जीव तुझ्या फुंकेवर."

"येतो की!" भागोजी म्हणाला. "सुगी संपली की येतोच. इकडून आबा जवळ, तिकडून ताई जवळ. मला आणखी काय पाहिजे?"

कारभाऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि शिंग त्याच्या हातात दिलं.

आता वाडीची एक रीत होती, ती नीट ऐका. नव्या माणसानं होकार दिला की शिंग त्याच्या घरी जायचं. रोज थोडं थोडं फुंकायचं, म्हणजे शिंगाला त्याच्या श्वासाची ओळख होते, असं ते लोक मानत. आणि शिंग ज्याच्या घरी, काम त्याचं. तोवर दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही, दुसरं शिंगही घडवायचं नाही. तसं केलं तर शब्द देणाऱ्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. साधीभोळी माणसं हो! विश्वास ठेवायचा तर पुरता ठेवायचा, एवढंच त्यांना ठाऊक.

थोड्याच दिवसांनी एक मेंढपाळ वाडीवर आला. म्हणाला, "कारभारी, शिंगाचं काम मला द्या. माझा दमही चांगला आहे."

"उशीर केलास गड्या," कारभारी म्हणाला. "शिंग दिलं आम्ही."

मेंढपाळ आपली मेंढरं घेऊन मुकाट्यानं निघून गेला.

इकडे भागोजी रोज संध्याकाळी अंगणात शिंग फुंकायचा. बाप कौतुकानं ऐकायचा. सगळं छान चाललं होतं. आणि सुगी संपायच्या आतच एका सकाळी बापाच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात पडला, पाय पडला, तोंड वाकडं झालं. भरवायला माणूस, उठवायला माणूस, कुशीवर वळवायला माणूस. माणूस म्हणजे कोण? भागोजीच.

त्याच दिवशी त्याला कळून चुकलं, की आता आपलं खिंडीत जाणं होत नाही. यात त्याचा काय दोष? काहीच नाही. आजारी बापाला टाकून तो गेला असता, तर मीच ही गोष्ट वेगळ्या तोंडानं सांगितली असती.

पण नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. 'कारभाऱ्यानं पाठीवर हात ठेवला होता. आता कुठल्या तोंडानं जाऊ? लोक म्हणतील, शब्द फिरवला.' त्यानं शिंग खुंटीला अडकवलं. 'आबांना जरा बरं वाटू दे,' तो मनाशी म्हणाला, 'उद्या जाऊन सांगतो.' दुसऱ्या दिवशीही तो तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्यानं खुंटीकडे बघायचंच टाळलं.

बाप पडल्या पडल्या शिंगाकडे बघायचा. जड जिभेनं म्हणायचा, "देऊन... ये."

"देतो आबा. उद्या नक्की."

सुगी संपली. खिंडीतून मिठाचे बैल घेऊन जाणारा एक व्यापारी भागोजीच्या दारात पाणी प्यायला थांबला. भागोजी त्याला म्हणाला, "काका, पलीकडच्या गावात माझी बहीण आहे, सोनाई. तिला सांगा, आबा आजारी आहेत, भेटून जा."

"सांगतो की," व्यापारी म्हणाला. त्याची नजर खुंटीवर गेली. "हे खिंडीतलं शिंग ना? द्या माझ्याकडे, बैलावर टाकतो. वाटेतच तर आहे वाडी."

भागोजी गडबडला. "नको, नको! मी स्वतः जाणार आहे. आणि काका, वाडीत यातलं काही बोलू नका हं. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर बरं दिसत नाही."

बरं दिसत नाही! काय म्हणावं या माणसाला?

व्यापारी सरळ माणूस. तो वाडीवरून गेला. शिंगबाबानं त्याला विचारलं, "आमचा भागोजी भेटला का? सुगी तर संपली." व्यापाऱ्यानं मान खाली घातली आणि बैल हाकले. दिलेला शब्द त्यानं पाळला. वाडीतले लोक आपसांत म्हणाले, येईल आज-उद्या, पोरगा शब्दाचा पक्का आहे.

सोनाईला निरोप पोचला तेव्हा दुपार होत आली होती. तिनं वाताच्या तेलाची बुधली फडक्यात बांधली आणि निघाली. शेजारच्या म्हातारीनं तिचा हात धरला. "बाई गं, अवेळ झाली. धुकं येईल. उद्या सकाळी जा."

"तिकडे आबा पडलेत मावशी, माझा पाय घरात ठरेल का? आणि खिंडीत शिंग आहे की."

"तुझा भाऊच तिथं जायचा होता ना? मग तो तर घरी."

सोनाई हसली. "तो गेला नसला तरी शिंग वर पोचलं असेल. लोकांना ताटकळत ठेवणाऱ्यातला नाही माझा भाऊ. मी वाढवलंय त्याला."

ती घाट चढू लागली. अर्ध्या वाटेवर तिला धुक्यानं गाठलं.

वर खडकावर शिंगबाबा उभा होता. हातात शिंग नव्हतं. तोंडापुढं हातांची ओंजळ धरून तो ओरडत होता, "इकडं याऽऽ, इकडं!" दोनदा ओरडला की खोकायचा, पुन्हा ओरडायचा. वाडीतली माणसंही ओरडत होती. पण माणसाचा आवाज तो केवढासा! समोरच्या कड्यावर आपटून तो दरीतून परत यायचा, आणि खालच्याला वाटायचं, हाक तिकडूनच येतेय.

सोनाईला हाक ऐकू आली. हाकेच्या रोखानं तिनं पाऊल टाकलं. तिथं वाट नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागोजीनं एकदाचा मनाचा हिय्या केला. शेजारणीला बापाजवळ बसवलं, शिंग खांद्यावर घेतलं आणि घाट चढला. काय बोलायचं, कशी माफी मागायची, हे तो वाटभर मनात जुळवत होता. वाडीशी येतो तर सगळे लोक खडकापाशी जमलेले. मधे घोंगडीवर कुणाला तरी निजवलेलं. त्या देहाला दरीतून वर आणणारा, शिंगाचं काम मागायला आलेला तो मेंढपाळ बाजूला उभा होता. त्याच्या हातात फडक्यात बांधलेली एक बुधली होती.

भागोजीनं ते फडकं ओळखलं. लहानपणी ताप आला की ताई तेच ओलं करून त्याच्या कपाळावर ठेवायची.

शिंग त्याच्या खांद्यावरून गळून पडलं. "ताई!" म्हणून त्यानं जो टाहो फोडला, तो मात्र दोन्ही गावांना ऐकू गेला असेल.

पुष्कळ वेळानं शिंगबाबा त्याच्याशेजारी येऊन बसला. म्हाताऱ्याचा घसा पार बसला होता.

भागोजी रडत म्हणाला, "बाबा, आबांच्या अंगावरून वारं गेलं. मला येता येईना. मी सांगणारच होतो हो. रोज सांगणार होतो."

"पोरा," शिंगबाबा म्हणाला, "बापाला टाकून आला असतास, तर मीच तुला परत पाठवला असता. तू आला नाहीस त्याचा आम्हाला राग नाही. पण शिंग तरी पाठवायचंस रे. तुझं 'नाही'सुद्धा आम्हाला चाललं असतं. तू काही बोललाच नाहीस, तिथं आम्ही काय करायचं?"

भागोजीनं शिंग उचललं. पदरानं पुसावं तसं ते अंगावरच्या उपरण्यानं पुसलं आणि मेंढपाळाच्या हातात दिलं. मग सोनाईचं सगळं उरकून, बुधली घेऊन तो घाट उतरला.

घरी बाप दाराकडे डोळे लावून पडला होता. वाकड्या तोंडानं त्यानं विचारलं, "सोनी... आली?"

भागोजीच्या मनात आलं, आज नको. बरं वाटू दे त्यांना. उद्या सांगू. आणि तो जागच्या जागी शहारला. बापाच्या उशाशी बसून, त्याचा हात हातात घेऊन त्यानं सगळं सांगितलं. खिंडीचं, शिंगाचं, व्यापाऱ्याचं, काहीसुद्धा लपवलं नाही. बापाचे डोळे वाहत राहिले. पण चालत्या हातानं त्यानं पोराचा हात घट्ट धरून ठेवला.

पुढं मेंढपाळ शिंगबाबा झाला. धुक्याच्या दिवसांत त्याच्या शिंगाचा आवाज खालच्या गावापर्यंत यायचा. भागोजी तेव्हा बापाच्या हातापायांना तेल चोळत बसलेला असायचा. आवाज आला की त्याचा हात थांबायचा. आवाज विरला की तो पुन्हा चोळू लागायचा.

आणि वाडीनं आपली रीत बदलली. अजूनही शिंग नव्या माणसाच्या घरी जातं म्हणतात. पण देताना कारभारी पाठीवर हात ठेवून सांगतो, "नाही जमलं, तर त्याच दिवशी परत पाठव. कुणी रागावणार नाही."

तर बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: वेळ बदलली म्हणून दिलेला शब्द मागं घ्यावा लागला तर त्यात पाप नाही, पण ते संकोचापायी न सांगता विसंबलेल्या माणसाला वाट बघत ठेवणं, हे पाप आहे.