भागूच्या टाक्यावरचे पारवे

कातळखेड्याच्या डोंगरावर, खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्याकाठी पहिल्यांदा येणारा माणूस हमखास फसतो. ऐन दुपारी तिथल्या खडकावर पारवे एका कुशीवर कलंडलेले असतात. मान तिरकी, डोळे मिटलेले आणि एक पंख आभाळाकडे उभारलेला. पाहुणे हळहळतात, एखादी मावशी तर ओंजळीत पाणी घेऊन धावते आणि जवळ जाताच मेलेला पारवा फडफडत उडून जातो. गावकरी मनसोक्त हसून घेतात. मग पाहुण्यांना सावलीत बसवून भागू पाथरवटणीची हकिगत सांगतात. तीही अशीच फसली होती म्हणे.

फार मागची गोष्ट. पाथरवट तेव्हा गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडत, जाती-पाटे घडवून देत आणि काम संपलं की पुढची वाट धरत. भागूचा जन्म वाटेवर झाला, लग्न वाटेवर झालं, नवराही वाटेवरच गेला. कातळखेड्याने मात्र तिला गावाच्या कडेला जागा दिली. तिथे तिने चार भिंती उभ्या केल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या दाराला कडी लावली. त्या कडीचं तिला इतकं अप्रूप, की दिवसातून चारदा ती उगीच लावून-काढून पाही, असे सांगतात.

तिसऱ्या वर्षी गावची विहीर आटली. भागू आणि तिचा दीर म्हादबा यांनी महिनाभर डोंगरावर खडक फोडला, पण थेंब लागला नाही. अखेर तुळाजी पाटलांनी गाव उठवायचं ठरवलं. तीन दिवसांनी गाड्या जुंपायच्या. कुणी मामाकडे निघालं, कुणी सासुरवाडीला. भागूला जायला ठिकाणच नव्हतं. पुन्हा ती वाट नि ती गाढवं! तिने दाराची कडी आणखी एकदा लावून-काढून पाहिली.

त्याच दुपारी ती हत्यारं आवरायला डोंगरावर गेली, तेव्हा एका खडकावर पाच-सहा पारवे पंख सैल टाकून पोटावर पसरलेले दिसले. तहानेने गेले बिचारे, असं वाटून तिचा जीव गलबलला. एकाला उचलायला ती वाकली, तर सगळे भुर्रकन उडाले. तिचा हात खडकावर टेकला. चहूकडचा कातळ तव्यासारखा तापलेला आणि हा गार!

तिने हातोडी मारून पाहिली. दगड बद्द वाजला. भागूने कपाळावर हात मारून घेतला. पाथरवट खणखणीत वाजेल तोच दगड निवडतो, बद्द वाजणाऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तिने नि म्हादबाने सवयीने महिनाभर जात्याच्या लायकीचा अभंग दगड फोडला होता. त्यात पाणी शिरायला फट असणार कुठून?

तिने म्हादबाला बोलावून तो दगड दाखवला. तो मात्र चिडला. "वयनी, असल्या दगडाला आपल्या बापजाद्यांनी कधी छिन्नी लावली न्हाई."

"त्यास्नी जाती घडवायची हुती," भागू म्हणाली. "मला पानी पायजे."

तिने तिथेच नवस बोलला. पाणी लागलं तर पहिली ओंजळ पारव्यांची, देवाचीसुद्धा नंतर. नाही लागलं तर छिन्नी दरीत फेकायची आणि पुन्हा हातात धरायची नाही. दोन दिवस ती एकटी घाव घालत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हादबा आपली छिन्नी घेऊन शेजारी येऊन बसला. खाली गाड्या जुंपल्या गेल्या, बैलांच्या घुंगरांचा आवाज वर ऐकू आला आणि त्याच क्षणी तिची छिन्नी मुळापर्यंत आत गेली. खडक फुटला. पुरुषभर उंच पाणी उसळलं! भागूची आरोळी म्हणे शिवेपलीकडे ऐकू गेली.

पारवे परत फिरले. ओल्या खडकावर कलंडून त्यांनी एक पंख उभारला आणि तुषार अंगावर घेतले. मग कूस बदलून दुसरा. भागूचा घसा सुकला होता, तरी त्यांचं होईपर्यंत तिने ओठ ओले केले नाहीत. धापा टाकत आलेल्या पाटलांनाही तिने हाताने थोपवलं.

पाटील थांबले. मग डोक्यावरचं पागोटं सावरत म्हणाले, "भागूबाई, आजपासनं गाव तुजं. आमी तुजं पाव्हणं."

त्या दिवशी एकही गाडी शिवेबाहेर गेली नाही.

आजही पारवे त्या खडकावर पंख उभारून पडतात आणि त्यांना कुणी हुसकत नाही. आजही चैत्रात, त्या झऱ्यावर पुढे खोदलेलं टाकं उपसून स्वच्छ केलं, की नव्या पाण्याची पहिली ओंजळ खडकावर शिंपडतात. त्यानंतरची घागर पाथरवटांच्या घरी जाते. ती डोक्यावर घेऊन पाटलांची सून अनवाणी जाते, दाराची कडी वाजवते आणि आतून "ये" म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभी राहते.