इन्स्पेक्टर शार्दूल चुकतो

एका शहरात भार्गव सप्रे नावाचा एक लेखक होता. टीव्हीवरची एक गुप्तहेर मालिका तो लिहायचा. तिचा नायक इन्स्पेक्टर शार्दूल मोठा अचाट गडी. प्रेताकडे एकदा नजर टाकली की खुनी कोण, तो कुठे पळाला, सकाळी त्याने काय खाल्लं, सगळं त्याला कळायचं. शार्दूल कधी चुकत नसे, आणि भार्गवच्या मते भार्गवही.

पण प्रेक्षक घटू लागले. वाहिनीच्या साहेबांनी बजावलं, की दोन भागांत लोक परतले नाहीत तर मालिका बंद. भार्गवचं घर त्या मालिकेवरच चालत होतं. त्यातल्या पहिल्या भागात त्याने दोन पाठलाग घातले, एक स्फोट घातला आणि शेवटी, आधी कधीच न दिसलेला जुळा भाऊ खुनी म्हणून आणून उभा केला. लोकांनी मध्येच टीव्ही बंद केले.

त्याच्या आळीत रावजी जमादार राहत. पोलिसात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. मालिका लागली की त्यांच्या घरातून हसणं ऐकू यायचं आणि ते भार्गवला फार झोंबायचं. आता मात्र मानापमान गुंडाळून ठेवून तो त्यांच्याकडे गेला आणि तुम्ही हसता कशाला, असं त्याने सरळ विचारलं.

जमादारांनी त्याला एक जुनी चोरी सांगितली. एका दुष्काळी गावात एका घरातून तांब्याची घागर गेली. पहाटे दारात येणारा बाहेरचा माणूस एकच, सोपान गवळी. जमादारांनी त्याला चार लोकांदेखत चौकीत नेलं. गावाने त्याचं दूध बंद केलं. आठ दिवसांनी जमादारांच्या डोक्यात प्रकाश पडला. चोराने घागर नेली होती, पण तिच्यातलं पाणी बादलीत ओतून ठेवलं होतं. परक्याने ते गटारात ओतलं असतं. दोन कोस चालून ज्याने ते आणलं, त्याच्या हातून ते सांडवेना. घागर घरमालकाच्या धाकट्या भावानेच विकली होती.

"ती बादली पहिल्याच दिवशी माझ्यासमोर होती," जमादार म्हणाले. "मी बघितलीच नाही. मग सोपानच्या दारात गेलो आणि चार लोकांदेखतच हात जोडले. तुमचा शार्दूल कधी कुणापुढे हात जोडतो का, भार्गवराव?"

भार्गवने जमादारांची परवानगी घेतली आणि दोन दिवसांत तीच चोरी लिहून काढली. बादली पहिल्याच दृश्यात ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि शेवटी शार्दूलला गवळ्यापुढे चार लोकांदेखत हात जोडायला लावले. साहेब खवळले. नायक चुकला तर त्याला कोण विचारणार, आणि बादली दिसली तर चोर ओळखू येणार, असं त्यांचं म्हणणं. बादली काढ, माफी काढ, नाहीतर घरी बस, असं त्यांनी सुनावलं. भार्गव मात्र मागे हटला नाही.

"बंद करायची तर याच भागाने करा," तो म्हणाला. "लोकांपासून लपवून लिहिलेलं मी पुन्हा देणार नाही."

साहेबांकडे दाखवायला वेगळा भाग तयार नव्हता. नाइलाजाने त्यांनी तोच दाखवला.

दुसऱ्या दिवशी बाजारात बादलीवरून वाद रंगले होते. कुणी म्हणे मी तेव्हाच ओळखलं होतं, तर कुणी कपाळावर हात मारून घेत होतं. मालिका वाचली, हे भार्गवला तिथेच कळलं. तेवढ्यात एका भाजीवाल्या बाईने त्याला थांबवलं. चोराबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही.

"त्या गवळ्याचं दूध लोक परत घ्यायला लागले का हो?" तिने विचारलं.

सात वर्षांत शार्दूलने शंभर गुन्हेगार पकडले होते, पण गुन्हा उलगडल्यावर मागे राहिलेल्या माणसाची अशी विचारपूस कुणीच केली नव्हती. भार्गवचे डोळे भरून आले.

तात्पर्य: शोध घेणारा लोकांदेखत चुकला आणि लोकांदेखत नमला, तरच त्याची गोष्ट लोकांना आपली वाटते.